वहीतली चेष्टा

बारावीत नापास झाल्यावर माझ्या मुलीने बोलणंच सोडलं. खोलीचं दार लावून बसायची. ताट बाहेर ठेवलं तर अर्धं खायची. मी आधी रागावले, मग नवस बोलले, शेवटी हात टेकले. हिंदी मुलखातल्या रांझीच्या क्वार्टरमध्ये नवरा, मी आणि ती असे आम्ही तिघं, पण घर खायला उठायचं.

डॉक्टरांनी गोळ्यांसोबत संगीताचा एक वर्ग सुचवला. अधारतालला एक दीदी अशा खचलेल्या मुलांना गोलात बसवून गुणगुणायला लावायच्या. गाता यायलाच हवं असं काही नव्हतं. माझा विश्वास नव्हता, तरी दर शनिवारी बसने घेऊन जायचे. पाच आठवडे ती तोंड मिटून बसली. सहाव्या आठवड्यात दीदींनी तिच्या वहीत शेरा लिहिला: 'गाने की बहुत चेष्टा करती है।'

परतीच्या बसमध्ये तो वाचला आणि माझं डोकंच फिरलं. मी अमरावतीकडची. लग्नाला वीस वर्षं झाली तरी माझी हिंदी भाजीबाजारापुरती. चेष्टा म्हणजे टिंगल, एवढंच मला ठाऊक.

"काहून गं, त्या जीव लावून शिकवून राहिल्या अन् तू गाण्याची चेष्टा करून राहिली? नापास झाली तेवढं पुरलं नाही का?"

सगळी बस बघत होती. ती खिडकीकडे तोंड करून बसली. त्यानंतर वर्गाला गेलीच नाही, आणि ताटही भरलेलंच परत यायला लागलं.

तीन आठवड्यांनी दीदींचा फोन आला. "आंटी जी, उसे भेजिए ना. उस दिन पहली बार उसकी आवाज़ निकली थी. इतनी कोशिश कर रही थी, मैंने लिखा भी था, चेष्टा करती है."

चेष्टा म्हणजे हिंदीत कोशिश. नवऱ्याला विचारलं असतं, शेजारणीला विचारलं असतं, तरी कळलं असतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तिच्या दाराशी जाऊन रडत रडत सगळं सांगितलं. "बाई, मला त्या शब्दाचा अर्थच माहीत नव्हता गं."

दार उघडलं नाही. आतून बारीक आवाज आला.

"मुझे मालूम था, आई. शाळेत हिंदीच तर शिकली मी."

"मग तेव्हाच सांगितलं काहून नाही?"

"मी टिंगल करते, हे तुला लगेच खरं वाटलं ना."