पडद्याकडे पाठ

येत्या रविवारी अंधार पडला की सानगडीत तलावाकाठच्या मासेमार सोसायटीच्या सभागृहात आम्ही एक जुना कृष्णधवल मराठी सिनेमा दाखवणार आहोत. जरूर या. हार, नारळ आणि शाल घेऊन येणार असाल तर मात्र घरीच थांबा. मागच्या मंडईत, म्हणजे आमच्या गावजत्रेत, या वस्तूंच्या नावाखाली एका म्हाताऱ्या बाईची जी शोभा केली, ती आठवली की माझा अजून संताप होतो, आणि संताप ओसरला की नुसती किळस उरते.

ती बाई आमच्याच गावची, तलावात जाळी टाकणाऱ्या घरातली. तरुणपणी आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करायची. तिथून कुणीतरी तिला कोल्हापूरला नेलं. चार-दोन सिनेमांत मोलकरीण, शेजारीण, विधवा जाऊ असल्या भूमिका करून ती परत आली. तेव्हापासून गावानं तिला 'नाचाले गेलती थे' एवढीच ओळख ठेवली. नाचली ती एकाही सिनेमात नाही. पण आपल्याकडे बाई सिनेमात गेली म्हणजे नाचायलाच गेली, हे ठरलेलंच.

माझं औषधाचं दुकान आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर ती डोळ्यांचे थेंब न्यायला यायची, तिथून आमचं बोलणं वाढलं. एकदा सहज विचारलं, "मावशी, तुमचे सिनेमे तुम्हाला कसे वाटले?"

"पाह्यले कुठं, पोरी? सिनेमा लागे तवा मी नाटकाच्या दौऱ्यावर. मंग संसार, मंग डोळे गेले."

मी मोबाइलवर तिचा विधवा जावेचा सिनेमा, रविवारी दाखवणार तोच, शोधून तिच्यासमोर धरला. तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि हसली. "यात तं माशीएवढी दिसून राहिली. मोठ्या पडद्यावर दाखवतं का? गावच्या बायांसंगं बसून पाहीन. मी काय केलं थे त्याइलेबी दिसू दे."

तिचं मागणं एवढंच होतं.

तो सिनेमा मी मात्र त्याआधीच पाहिला होता, आणि तुम्हीही पाहावा असं सांगायचं कारण नायक-नायिका नव्हे. घरात पाहुण्यांची पंगत उठलेली असते. बाहेर नायिकेचं कौतुक चाललेलं. स्वयंपाकघरात ही विधवा जाऊ एकटी, उभ्याउभ्याच पातेल्याच्या तळाची करपलेली खरवड काढून तोंडात टाकते. तेवढ्यात सासू दारात येते. घास गिळताही येत नाही, टाकताही येत नाही. गाल फुगवून ती तशीच उभी राहते आणि सासूच्या प्रत्येक प्रश्नाला नुसती मान हलवते. सासू गेल्यावर तिला स्वतःचंच हसू येतं, आणि हसता हसता डोळे भरतात. संवाद एक नाही. मी तो प्रसंग कितीदा तरी पाहिला असेल. असं काम करणाऱ्या बाईचं नाव श्रेयनामावलीत 'आणि इतर'मध्येसुद्धा नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, नाटक, सगळा गाव लोटतो. मी मंडईच्या मंडळाला सुचवलं, यंदा हा सिनेमा दाखवा. ते लगेच हो म्हणाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. चार दिवसांत फ्लेक्स लागला. त्यावर हात जोडलेले पुढारी, त्यांचे भाऊ, भावांची पोरं. बाईचा फोटो नव्हता. विचारलं तर मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "जागाच नाही उरली ना मॅडम."

मग तो दिवस. पडद्यासमोर मंच, मंचावर सोफे, आणि सोफे अर्थातच लोकांकडे तोंड करून. पाहुण्यांच्या ओळीत एका टोकाला हिला बसवलं. ती नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून आली होती. भाषणांवर भाषणं झाली. प्रमुख पाहुण्यानं गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा दाबून कलेच्या सेवेवर व्याख्यान दिलं, मधूनच मागे वळून पिंक टाकली, हातानं ओठ पुसले आणि त्याच हातानं तिच्या अंगावर शाल टाकली.

शेवटी सिनेमा सुरू झाला, तरी सोफे हलले नाहीत. पुढारी खाली उतरतील तर पुढारी कसले! पडद्याच्या खालच्या भागात त्यांच्या डोक्यांच्या सावल्या, आणि टोकाला ती, मान मुरडून मागे बघायची धडपड करणारी. मंडळाचा एक कार्यकर्ता तिला दटावत होता, "बाई, समोर पाहा, फोटो काढून राहिलो." मी मंचापाशी जाऊन सोफा फिरवा म्हटलं, तर तो म्हणाला, लोकांकडं पाठ होते, बरं नाही दिसत.

पंगतीचा प्रसंग जवळ आला तसा मंडपातून ओरडा सुरू झाला, "गाणं लावा, गाणं!" मशीनवाल्यानं सिनेमा पुढे पळवला. तिचा प्रसंग डोळ्यांदेखत सर्रकन निघून गेला आणि नायिका बागेत गाऊ लागली. शिट्ट्या सुरू झाल्या. तेव्हा त्या प्रमुख पाहुण्यानं माइक ओढून घेतला. "बाई, तुम्हीबी एखादा ठुमका होऊन जाऊ द्या!"

सारा मंडप हसला. बायकासुद्धा हसल्या, हे मी विसरणार नाही.

ती उठली. शाल घडी करून सोफ्यावर ठेवली आणि मंचावरून उतरली. मी तिच्यासोबत घरापर्यंत गेले.

आता रविवारचं मी आणि सोसायटीतल्या बायांनी ठरवलंय. मंडईच्या मंडळाच्या अध्यक्षाला कळलंच. तो दुकानात आला. "मंच कोण बांधून राहिलं? प्रमुख पाहुणा कोण?"

"कोणी नाही."

"मंग कार्यक्रम कसा म्हनाचा?"

"सिनेमा म्हणा."

तो निघून गेला. संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. ती अंगणात सुपात झिंगे निवडत बसली होती. रविवारचं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"शाल देऊन राहिले का?"

"नाही."

"भाषण?"

"नाही, मावशी. फक्त सिनेमा. तुमचा घासाचा प्रसंग पूर्ण दाखवायचा, कोणी काही ओरडलं तरी."

तिनं उरलेले झिंगे निवडून संपवले. मग सूप बाजूला ठेवलं.

"येईन. पन या बारीनं माही खुर्ची पडद्याकडं तोंड करून मांडजो, पोरी."