माझ्या गळ्याएवढा महापूर

हा किस्सा मी कुणाला सांगणार नव्हते. पण हुसेन गवंडी तो पेठेभर सांगत सुटलाय, आणि सांगताना पदरचं तिखटमीठ घालतोय. त्यापेक्षा माझी फजिती मीच लिहिलेली बरी. निदान शुद्ध तरी लिहिली जाईल!

तर ऐका. पंचगंगेच्या काठावर आमच्या आईसाहेबांची तीन मजली हवेली आहे. मी तिथली कोठीवाली. धान्य, गूळ, तेल, लोणची, सगळं माझ्या किल्लीखाली. आईच्या काखेतून ह्या हवेलीत आले, आता साठी ओलांडली. माणसं मला आक्का म्हणतात, आणि म्हणताना थोडं लांब उभी राहतात.

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. वाचायला शिकले ती कोठीतल्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून. ह म्हणजे हळद, म म्हणजे मोहरी. माझ्या मुळाक्षरांना अजून फोडणीचा वास येतो. पण कुणाच्या बापाची पाटी मी मागायला गेले नाही, हे ध्यानात ठेवा.

पाहुणा आला की हवेली दाखवायची ती मीच. दुसऱ्या कुणी तोंड उघडलं की मला खोकला येतो.

"बगा पावणं," मी सुरू करायची, "खाली माणूसभर उंचीपतुर काळा दगड, वर वीट. खांब सागवानी, पर परत्येकाच्या बुडाला दगडी तळखडा. का? तर लाकूड भिजू नये. नदीच्या अंगाला सात खिडक्या, समोर मोजून सातच. का? तर पुराचं पानी हिकडनं आत यावं आन् तिकडनं गुमान भाईर जावं. ही लोखंडी कडी दिसती? पुरात नाव बांधायची!"

आणि सगळ्यात शेवटी चौकातल्या भिंतीवरची गेरूची रेघ. मोठ्या पुराची. तिच्यापुढं उभी राहून, तळहात गळ्याला आडवा लावून मी म्हणायची, "पानी हितवर आलतं, हितवर! माझ्या गळ्यापतुर! बुडालोच असतो की!"

पाहुण्यांच्या माना आपोआप ताणल्या जायच्या. पन्नासच्या वर वर्षं ही गोष्ट सांगतेय. एकदाही वाया गेली नाही.

आता मुद्द्यावर येते.

चार पावसाळ्यांमागची गोष्ट. महाराजांच्या राज्यात शाळांचं वारं सुटलेलं. आईसाहेबांच्या मनात आलं, खालचा चौक मोकळाच पडलाय, तिथं मुलींची शाळा काढावी. मला वर बोलावलं आणि म्हणाल्या, "आक्का, शाळा झाली तर शेवटच्या रांगेत तुझंही बस्कर टाकायचं."

माझ्या हातातली किल्ल्यांची जुडी खाली पडली हो! साठाव्या वर्षी शाळेत! अक्षरं माझी मी कमावली, पण आकडेमोड कुठल्या बरणीवर लिहिलेली असते? जमिनीवर बस्कर, मांडीवर पाटी, पुढं बाई शिकवतायत. त्या दिवसापासून मी सकाळी उठायची ती त्या बस्कराचाच विचार करत.

फक्त एक काटा होता. आमचे कारभारी. नवेच आलेले, कागदांवरचं सगळं दिसायचं, भिंतीवरचं काही नाही. त्यांना त्या चौकात धान्याची वखार हवी होती. "पोरींनी शिकून काय जहाज हाकायचंय?" असं चारचौघांत म्हणायचे. शेवटी ठरलं की दरबारातले इंजिनेर साहेब येऊन जागा बघतील. त्यांनी बरी म्हटली तर शाळा, नाहीतर वखार.

साहेब उद्या येणार म्हटल्यावर मी चौकात उभी राहून भिंती बघितल्या. काळपट! हुसेन गवंडी भाचीच्या लग्नाला मलकापूरला गेलेला. मग काय, हात नाहीत मला? पदर खोचला, काथ्यानं भिंती खसाखसा घासल्या आणि चुन्याचे तीन हात मारले. तिसऱ्या हाताला चौक असा उजळला की माझे डोळे दिपले.

दिवेलागणीला कारभारी आले. चौकात पाय टाकला आणि चक्क हसले.

"वा आक्का! छान झालं. पण उद्या साहेब नेमकं काय बघायला येतायत, ठाऊक आहे का?"

"भिंती बगाय, दुसरं काय?"

"भिंतीवरच्या पुराच्या खुणा. पाणी कुठवर चढतं त्यावरच ठरणार आहे सगळं."

कारभारी गेले. मी त्या पांढऱ्या भिंतीपुढं बसले. रेघ कुठाय? काथ्याच्या शेंड्याला गेली!

तुम्ही म्हणाल, एवढं काय रडायचं? जन्मभर ती रेघ बघितलीस, पुन्हा काढ. तिथंच तर मेख आहे! जन्मभर मी तिच्यापुढं उभी राहिले ती तिच्याकडं पाठ करून. माझं तोंड कायम पाहुण्याकडं. रेघ बघायची पाहुण्यानं, मी नुसतं बोलायचं.

पण मी घाबरणाऱ्यातली नाही. रेघ नसली तरी साक्ष होती ना? माझा गळा! हा काही काथ्यानं जात नाही. पहाटे उठले, भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिले, गेरूचा खडा गळ्यापाशी धरला आणि मागं भिंतीवर खूण केली. मग दोरी ताणून चौकभर रेघ ओढली. अशी सरळ, की हुसेननंही तोंडात बोट घालावं.

आता एक सांगून ठेवते. मी भलतीच उंच आहे. पेठेतल्या पुरुषांच्या पागोट्यांवरची धूळ मला वरून दिसते.

साहेब आले. पुण्याकडचे, बारीक, चष्मा लावलेले. माझी खिडक्यांची आणि तळखड्यांची हकीकत त्यांनी माना डोलावत ऐकली. आईसाहेब खाली येऊन खुर्चीवर बसलेल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे रेघ वर आहे की खाली हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. कारभारी खांबाला टेकून.

साहेबांनी फीत लावली आणि थबकले.

"बाई, ही पाच फुटांवर आहे! चौकात पाच फूट पाणी होतं?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. शाळा हवी असलेल्या कुठल्याही शहाण्या बाईनं म्हटलं असतं, छे हो साहेब, काढणाऱ्याचा हात हलला असंल. पण पन्नास वर्षांची सवय. तळहात आपोआप गळ्याला गेला.

"पाच? साह्यब, ह्ये नुसतं थिर पानी सांगतो मी! लाटा येगळ्या!"

"बाप रे. आणि जोर कितपत?"

"जोर? नाव चौकात गरागरा फिरत हुती! नावाड्याला भवळ आली!"

साहेब वहीत लिहू लागले. जितकं ते लिहीत तितकं मला स्फुरण चढत होतं. पाण्यातून म्हैस वाहत आली, तिच्या पाठीवर कोंबडा होता, तो आरवला, सगळं सांगितलं. कारभारी इतके खूश की त्यांनी मला स्वतः पाण्याचा तांब्या आणून दिला. तो माणूस मला पाणी देतोय, एवढ्यावरून तरी मी समजायचं की नाही?

साहेबांनी वही मिटली. "आईसाहेब, इमारत उत्तम आहे. पण इतकं पाणी चढणाऱ्या जागी लहान मुली बसवणं मला जमणार नाही. शेरा तसा द्यावा लागेल."

"मग वखार," कारभारी म्हणाले.

माझ्या हातात तांब्या तसाच राहिला. आईसाहेबांनी नुसता माझ्या दिशेनं चेहरा वळवला. ते मला बोलण्यापेक्षा जड गेलं.

एवढ्यात दारातून हुसेन आत आला. लग्नाहून थेट, डोक्याला नवा फेटा. भिंतीकडं बघितलं आणि तिथंच खिळला.

"आक्का, ह्ये काय काढून ठिवलंस?"

"पुराची रेघ हाय. गप बस."

"हितं?"

"माझ्या गळ्यापतुर पानी आलतं, साऱ्या गावाला म्हाईत हाय!"

"व्हय, म्हाईत हाय की," हुसेन शांतपणे म्हणाला. "पर आक्का, तवा तू केवढी हुतीस?"

मी तांब्यातलं पाणी बघायला लागले.

"सात वर्साची," हुसेननंच सांगून टाकलं. "मी आठाचा. माझ्या बानं तुला खांद्यावर घिऊन भाईर काढली. बाला कमरंला पानी हुतं. तू खांद्यावर बसून त्येचं केस उपटत हुतीस."

सांगू? त्या पन्नास वर्षांत माझ्या गोष्टीतली मुलगी माझ्याबरोबर वाढत गेली होती. उंच झाली, तिला सून आली, केस पिकले, आणि पाणी बिचारं दर वर्षी तिच्या गळ्यापर्यंत चढत राहिलं!

कारभारी पुढं आले. "आता गवंड्याच्या सांगण्यावर शेरा बदलायचा का? साहेब, खूण भिंतीवर आहे, डोळ्यांसमोर."

आता बोलायचं होतं ते मलाच. जन्मात मी कुणापुढं चुकले म्हटलं नव्हतं. नवऱ्यापुढंसुद्धा नाही, तो बिचारा वाट बघून गेला. पण ते बस्कर डोळ्यांपुढं आलं.

"साह्यब," मी म्हटलं, "ती रेघ पुराची न्हाय. माझी हाय. खरी रेघ मी काल घासून टाकली, आन् आज ही अंदाजानं काढली. म्हैस वाहत आली ती खरी. कोंबडा मी घातला."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं रागावले. पण खांदे हलत होते.

"मग खरी पातळी कशी काढायची? तुम्ही तेव्हा सात वर्षांच्या, हे आठ वर्षांचे."

"मारुतीला इचारू की," हुसेन म्हणाला.

गल्लीच्या पलीकडं मारुतीचं देऊळ आहे, उंच चौथऱ्यावर. मोठ्या पुरात पाणी त्याच्या वरच्या पायरीला टेकलं आणि मागं फिरलं, देव कोरडा राहिला. पेठ अजून दर वर्षी त्या पायरीवर नारळ फोडते. साहेबांना कोंबडासुद्धा सांगितला, पण ही गोष्ट तेवढी सांगायची विसरले होते! पाणी चौकात पाच फूट असतं तर मारुतीराया गुडघाभर पाण्यात उभे असते.

हुसेननं दोरी आणि पाणसळ आणली. त्या वरच्या पायरीपासून दोरी ताणली, गल्ली ओलांडून दारातून चौकात आणली, पाणसळ लावून इकडून तिकडं नीट समतल केली आणि भिंतीला टेकवली. साहेबांनी फीत धरली.

तीन फूट! बरोबर माझ्या कमरेला.

"पन्नास वर्षांत एकदा तीन फूट, आणि पाणी जायला समोरासमोर खिडक्या," साहेब म्हणाले. "श्रावणात नदी वाढली तर चार दिवस सुट्टी द्या. शाळा काढा, आईसाहेब."

कारभाऱ्यांनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला.

हुसेन वरची रेघ खरवडायला लागला, तशा आईसाहेब म्हणाल्या, "राहू दे ती. खालच्या रेघेवर पूर असं लिही. वरच्यावर आक्का."

लिहिलं हो त्यानं! नुसतं लिहिलं नाही, दगडात कोरलं. आता काथ्यानंही जात नाही.

शाळा सुरू झाली. चौदा मुली आणि शेवटच्या रांगेत मी. महिन्याभरात बेरीज झाली आणि वजाबाकी आली. बाईंनी चौकात नजर फिरवली आणि गणित घातलं, "पुराची रेघ तीन फुटांवर. आक्कांची पाच फुटांवर. तर आक्का किती फूट जास्त बोलल्या?"

"दोऽऽन!" सगळ्या पोरी एका सुरात ओरडल्या.

एकाच पाटीवर एक लिहिलेलं निघालं. शेवटच्या रांगेत.

"आक्का, एकच कसा?"

"एक फूट गाळाचा धरा की, बाई!"

बाईंनी बोट दाखवलं. उठले, किल्ल्या सावरल्या आणि शिक्षा म्हणून भिंतीला पाठ लावून उभी राहिले. पोरी खुदुखुदु हसत होत्या.

पण एक सांगते, रेघ चुकलेली नव्हती. अगदी बरोब्बर गळ्याला लागत होती.