अक्काची पाच अक्षरं

चौथा तास सुरू होता. नववीच्या वह्या तपासत होतो, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. तासाला मी फोन घेत नाही. त्या दिवशी का कोण जाणे, घेतला. परंदवडीहून भाचा संदीप बोलत होता. "मामा... आई गेली." मी म्हणालो, "बरं." तीस वर्षं लोणावळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवतोय, शब्दांवरच पोट भरतोय, आणि सख्खी बहीण गेल्यावर तोंडातून निघालं ते एवढंच. याला आता सहा आठवडे झाले.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमचं गाव आंदर मावळात. वडील लवकर गेले, आई दुसऱ्यांच्या खाचरांत राबायची. मला सांभाळायला घरी कुणीतरी हवं म्हणून सातवीतच अक्काची शाळा सुटली. पुढे मी तळेगावला वसतिगृहात राहून शिकू लागलो. सुट्टी संपवून परत निघालो की एसटीच्या थांब्यापर्यंत दीड तासाची वाट ती माझ्याबरोबर चालायची, माझं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन. मी इंग्रजी शब्द मोठ्यानं पाठ म्हणायचो आणि मागून ती तेच पुटपुटायची. मला वाटायचं, चेष्टा करतेय.

लग्न होऊन ती परंदवडीला गेली. सून आली, नात झाली. ओवी इंग्रजी शाळेत जायला लागली आणि एक दिवस अक्का थेट माझ्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत येऊन उभी राहिली. "बाळू, मला बी इंग्रजी शिकीव. पोर इचारती, आजी ह्ये काय लिवलंय, अन् मी चष्मा सापडंना म्हनून टाळती." चार सहकारी बसलेले. मी म्हणालो, "आता आमच्या अक्काला लंडनचं तिकीट काढावं लागणार!" सगळे हसले. तोंडाला पदर लावून तीही हसली. "बघू नंतर, सवडीनं," असं म्हणून मी तासाला गेलो. परत आलो तर तिचा चहा तसाच, साय धरलेला... आणि ती निघून गेलेली. त्या 'नंतर'मध्ये चार वर्षं गेली.

ती मात्र थांबली नव्हती. ओवी अभ्यासाला बसली की शेंगा सोलत शेजारी बसायची. तशीच एबीसीडी शिकली. गेल्या वर्षी पोटात गाठ निघाली, औषधांनी केस गेले, अंग झडलं, बाहेरच्या खोलीतली खाट तिची झाली. आणि एका रविवारी तिचा फोन आला. "ओवीच्या साळंत शब्दांचा खेळ हाय. पाच अक्षरी शब्द पायजेल, अन् त्यात ई, ए, टी आसलंच पायजे. लिवून आण."

त्याच दुपारी कागद घेऊन गेलो. वॉटर, हार्ट, टीच, व्हीट, प्लेट, लेटर... ओवी वाचायची आणि अक्का प्रत्येक अक्षरावर एकेक बोट ठेवायची, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. सगळी बोटं लागली की मान हलवायची. 'लेटर'पाशी ती थांबली. "ह्येचा अर्थ काय?"

"नंतर."

"मंग ह्यो तुझा शब्द," ती हसून म्हणाली. तिनं पुन्हा सगळी यादी वरून खाली पाहिली.

"डेथ न्हाई लिवलास? त्यात बी हायेत की तिन्ही."

"राहिला, अक्का."

"ऱ्हायला न्हाई. तू गाळलास." ओवीच्या हातातली पेन्सिल घेऊन तिनं खाली तो लिहिला. एकही अक्षर चुकलं नाही. "शब्द हाय त्यो. गाळून कसं चालंल? पोरीचं मार्क जातील."

ओवी खेळायला गेल्यावर मी शाळेतल्या त्या दिवसाचा विषय काढला. म्हणालो, "अक्का, मी तेव्हा हसायला नको होतं." "कवा रं?" ती म्हणाली. तिला आठवत होतं. डोळ्यांत दिसत होतं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आरं, मी बी हसलेच की." त्यानंतर एकही रविवार चुकवला नाही. पण रविवार मिळाले फक्त आठ.

दहाव्याला घर माणसांनी भरलेलं. बायका दमल्या होत्या, म्हणून चहा ठेवायला मी स्वयंपाकघरात गेलो. साखरेचा डबा काढला. झाकणावर चिकटपट्टी लावलेली आणि तिच्यावर बॉलपेननं, दाबून दाबून लिहिलेलं : एस, एच, यू, जी, आर. हा शब्द मी दिला नव्हता. उच्चारावरून तिनं तो एकटीनंच जुळवला होता, विचारायला कुणी नसताना.

ओवी मागे येऊन उभी होती. "आजोबा, आजीचं स्पेलिंग चुकलंय. मी नीट करू?"

"नको."

"पण चूक आहे ना?"

"चूकच आहे, बाळा," मी म्हणालो. "पण ते तिला सांगणं माझं काम होतं."

आधण उकळत होतं. बाहेरून कुणीतरी चहा झाला का म्हणून विचारलं. डबा पोटाशी धरून मी ओट्याला टेकलो आणि दहा दिवसांत पहिल्यांदा, त्या पोरीसमोर, मोठ्यानं रडलो.