आतल्या खोलीचा टीव्ही

लासिसी टीव्ही दुरुस्त करायला आला की टीव्हीकडे बघतसुद्धा नाही. आधी स्टूल मागतो, मग पाणी, आणि घोट घेता घेता विचारतो, "घरात माणसं किती? फोन किती? वायफाय कोणाकोणाला दिलंय?" नवीन गिऱ्हाईक वैतागतं. अरे बाबा, फोनवरचं चित्र टीव्हीवर येत नाही एवढंच सांगितलंय, तू शिरगणती कसली करतोस! पण आमच्या इनालेंदे वस्तीतल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे की त्याला निम्मा बिघाड या प्रश्नांतच सापडतो.

पोरवयात तो मोकोला भागातल्या रेडिओ दुकानात तारा डाग देऊन जोडायच्या झारणीवर बसला. मग टीव्ही आले, तेव्हा बांबूवर अँटेना बांधत छपरांवर फिरला. एकदा पत्र्यावरून घसरून थेट खाली पाम तेलाच्या पिंपावर पडला. पाय कायमचा अधू झाला, पण पिंपवाल्या बाईनं आधी तेल किती सांडलं ते बघितलं, हे तो अजून हसत सांगतो. आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे. म्हणतो, "पूर्वी बिघाड डब्यात असायचा. झाकण उघडलं की सापडायचा. आता तो दोन डब्यांच्या मधल्या हवेत असतो, तिथे स्क्रू-ड्रायव्हर कुठे घालू?"

त्याचे किस्से सांगायला बसलो तर संध्याकाळचं जेवण राहील. आल्हाजा सिदिकात, म्हणजे हज करून आलेली आमच्या गल्लीतली मोठी बाई, दर शुक्रवारी फोनवरचं प्रवचन टीव्हीवर लावते. एकदा मौलवींच्या जागी अचानक दोन उघडे पैलवान अवतरले. बाईला वाटलं, सैतान घरात शिरला. लासिसीनं पाणी घेतलं, माणसं मोजली, आणि तिचंच वायफाय वापरणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला जिन्यातूनच हाक मारली, "भाऊ, तुमचे पैलवान खाली नमाजाला आलेत, त्यांना घरी बोलवा!" दुसऱ्यांदा चर्चच्या स्पीकरचं. तो ब्लूटूथवर समोरच्या मिरचीवालीच्या फोनला जाऊन चिकटला होता. भर प्रार्थनेत तिच्या मुलीचा आवाज दणाणला, "आई, भात करपला, आता काय करू?" आणि सवयीनं सगळी सभा म्हणाली, "आमेन."

पण आज मला त्या एका शुक्रवारचं लिहायचं आहे, आणि तिथे हसण्यासारखं फार नाही.

माझ्या शेजारच्या इया दुरोजायेचा मुलगा इंग्लंडात वारला. इया म्हणजे आई. आमच्याकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, तशी ती चाळीस-पंचेचाळीस वर्षं दुरोजायेची आई. आधीची दोन लेकरं टिकली नाहीत म्हणून याचं नाव असं ठेवलेलं: थांब, जगणं चाख. तो तिकडे लीड्सच्या इस्पितळात नर्स होता. रस्त्यात चालता चालता कोसळला. पुरणार तिकडेच होते, आणि ते सगळं फोनवर थेट दिसणार होतं.

आता आमचा रिवाज असा, की आईबापानं लेकराची कबर बघायची नाही. पुरताना जवळ उभं राहायचं नाही, जागा कुठली ते विचारायचंही नाही. दुरोचा काका, बाबा अकान्बी, हा घरचा वडीलधारा. त्यानं ठरवलं की पाहुण्यांनी हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर बघावं आणि इयानं आतल्या खोलीत राहावं. पण आदल्या दिवशी ती माझ्या बायकोला म्हणाली होती, "नऊ महिने मी वाहिला, आणि शेवटच्या वाटेवर कोण कोण बरोबर होतं ते मला परक्याकडून कळायचं?"

सकाळी दहापासून माणसं येऊ लागली. साडेदहापर्यंत हॉलमध्ये तीसएक जण होते. मागच्या अंगणात जनरेटर धडधडत होता. बाबा अकान्बी फोन दोन्ही हातांत अंड्यासारखा धरून बसला होता. चर्चमधलं चित्र टीव्हीवर आलं, पाद्री बोलायला लागला, आणि चित्र गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. कोणी म्हणालं फोन जुना आहे, कोणी म्हणालं इंग्लंडातच पाऊस असेल. शेवटी मीच लासिसीला बोलावून आणलं.

लासिसीनं स्टूल घेतलं, पाणी घेतलं, आणि समोर भिंतीवर बघून पेला तसाच खाली ठेवला. घड्याळाखाली खोक्याचा पुठ्ठा लटकत होता, आणि त्यावर जाड अक्षरांत वायफायचा पासवर्ड.

"हे कोणी लावलं?"

"मी," बाबा अकान्बी म्हणाला. "माणसं लांबून लांबून आलीत. पाणी दिलं, खुर्ची दिली, मग हे नको द्यायला? उद्या म्हणतील, अकान्बीच्या घरी गेलो तर वायफायसुद्धा विचारलं नाही."

"बाबा, हे खिशात मावणारं वायफाय आहे. ह्यात दहा जणं बसतात. तुम्ही तीस जणांना जेवायला बोलावलंय. टीव्ही बिचारा जरा उठला की त्याच्या जागेवर कोणीतरी येऊन बसतं."

दोन-चार जणांनी हळूच फोन खिशात टाकले.

एक जागा मोकळी होताच लासिसी आत शिरला आणि स्वतःच्या फोनवर त्यानं त्या वायफायची यादी उघडली. त्यानं नंतर मला सांगितलं ते असं. दहाच्या दहा जागा भरलेल्या. बहुतेक नुसते आकडे आणि अक्षरं, कोणाचा फोन कुठला कळायची सोय नाही. पण तीन नावं ओळखीची होती, कारण ती त्यानंच ठेवली होती. एक बाबा अकान्बीचा फोन. दुसरा इयाचा. आणि तिसरं नाव 'आतली खोली'. दुरोनं मागच्या नाताळात आईला छोटा टीव्ही घेऊन दिला होता, तो लासिसीनंच जोडला होता.

म्हणजे आतल्या खोलीच्या दारावरच्या पडद्याआड, आवाज बंद करून, इया बघत होती.

त्यानं ती यादी कोणाला दिसू दिली नाही. बोलला असता तर बाबा अकान्बी उठून आत गेला असता. आणि एकेकाला निवडून बाहेर काढायला वेळ नव्हता, कारण तिकडे पाद्री शेवटच्या प्रार्थनेवर आला होता. घाईचा उपाय एकच, पासवर्ड बदलणं. बदलला की सगळेच बाहेर पडतात, मग हवे त्यांनाच आत घ्यायचं. लासिसीनं बदलला. बाबाचा फोन आणि हॉलचा टीव्ही नव्यानं जोडला. चित्र आलं आणि स्थिर राहिलं. "शाब्बास रे लासिसी!" असं सगळीकडून झालं. त्याला मात्र एवढंच दिसत होतं की पडदा हलला नाही, आणि पडद्यामागे आत्ता अंधार झालाय.

बाबा अकान्बी म्हणाला, "आता नवा पासवर्ड कोणालाही सांगू नकोस. मी विचारला तरी सांगू नकोस."

तेवढ्यात आतून आवाज आला. मोठा नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"लासिसी, आत ये. माझा टीव्ही बिघडलाय."

बाबा अकान्बी म्हणाला, "वहिनी, आज टीव्हीचं काय काम आहे?"

"बिघडलेलं दुरुस्त करायला मुहूर्त बघावा लागतो का?"

बाबानं लासिसीचं मनगट धरलं आणि हळू आवाजात म्हणाला, "तिला चर्च बघू दे, गाणी ऐकू दे. पण कबर दिसायच्या आत बंद कर. तुझ्या हातात आहे ते. आईनं लेकराची कबर बघितली की दुःख त्या घरात खाट टाकून बसतं. मी मोठा भाऊ पुरलाय, आता पुतण्या. तिला तरी राहू दे."

त्याचे डोळे भरले होते. तो कठोर माणूस नाही.

लासिसी आत गेला. इया पलंगाच्या कडेवर बसली होती, डोक्याला काळं फडकं, मांडीवर फोन. तिनं फोन पुढे केला. त्यानं नवा पासवर्ड घातला, टीव्ही जोडला. चर्च संपलं होतं. शवपेटी गाडीतून उतरवत होते.

"इया," तो म्हणाला, "बाबा म्हणालेत की..."

"ऐकलं मी. माझे कान गेले नाहीत." ती उठली, पलंगाला वळसा घालून पलीकडे बसली, टीव्हीकडे पाठ करून. "रिवाज मलाही कळतो. मी बघणार नाही. तू बघ आणि मला सांग."

लासिसी मला म्हणाला, चाळीस वर्षं मी लोकांच्या घरात चित्र आणतो. चित्र आलं की हत्यारं गोळा करून निघतो. कधी बसून बघितलं नाही. त्या दिवशी बघावं लागलं.

"किती माणसं आहेत?" इयानं विचारलं.

त्यानं मोजली. थोडी होती. बाजूला पिवळ्या रंगाचं खणायचं यंत्र उभं होतं. बारीक पाऊस होता, माणसं दूर दूर उभी होती.

"बरीच आहेत."

"लासिसी."

"अकरा."

आमच्याकडे शेजारचं कोंबडं मेलं तरी अकराहून जास्त माणसं चौकशीला येतात.

"कशी दिसतात सांग."

"काळ्या कपड्यांतली सूनबाई. तिच्या शेजारी जाडी गोरी बाई, हातात काठी."

"ती घरमालकीण. दर रविवारी ह्याला केक द्यायची. ह्याला आवडायचा नाही, तरी खायचा. पुढे."

"एक उंच, लाल टोपीवाला."

"टुंडे. सुरुवातीला दोघं एका खोलीत राहायचे. पुढे."

असं करत लासिसी सांगत गेला आणि इया पाठमोरी नाव देत गेली. इस्पितळातल्या दोन फिलिपिनो नर्स, पाद्री, चर्चमधला म्हातारा आणि त्याची बायको, गाडी शिकवणारा. दर रविवारच्या फोनवर मुलानं जे जे सांगितलं होतं, ते सगळं तिनं जपून ठेवलेलं. मधेच पडदा सरकला. बाबा अकान्बी दारात उभा होता. त्यानं टीव्ही बघितला, मग वहिनीची पाठ बघितली, आणि पडदा पुन्हा सारखा करून गेला.

नऊ झाले.

"आणि दोघं आहेत पिवळ्या जाकिटातले," लासिसी म्हणाला. "जरा मागे."

"पिवळी जाकिटं? दुरो कधी बोलला नाही." ती विचारात पडली. "कामावरचे असतील?"

त्यांच्या हातांत फावडी होती. लासिसीच्या तोंडून निघालं, "हो. कामावरचे."

पेटी खाली गेली. त्यानं तसं सांगितलं. इयाची पाठ हलली नाही, फक्त मांडीवरच्या फोनवर तिचा अंगठा पुन्हा पुन्हा फिरत राहिला, धूळ पुसावी तसा.

पुढचे पंधरा दिवस लासिसी तिच्या गल्लीतून गेला नाही. माझ्याकडे यायलाही मागच्या वाटेनं यायचा. "मी माणसाला कधी खोटा बिघाड सांगितला नाही," म्हणायचा, "आणि सांगितला तो कुठे!" शेवटी इयानंच त्याला निरोप पाठवला. गेला तेव्हा ती अंगणात शिवत बसली होती. दुरोच्या लग्नात घरच्यांनी आणि त्याच्या तिकडच्या माणसांनी एका कापडाचे कपडे केले होते, त्यातलं उरलेलं गडद निळं कापड. एक टोपी अंदाजानं होत आली होती.

"अशा दोन, त्या पिवळ्या जाकिटवाल्यांना," ती म्हणाली. "बाकीच्यांकडे लग्नातलं कापड आहे. हे दोघं कसे राहिले कोण जाणे. सुनेला त्यांची नावं विचारते तर ती म्हणते, कोण हे? तुला नीट दिसलं होतं ना?"

लासिसी खाली बसला. अधू पाय पुढे सरकवला.

"इया, ते इस्पितळातले नव्हते. कबरस्तानावरचे मजूर होते. त्यांच्या हातात फावडी होती."

तिनं दोरा दातांनी तोडला. बराच वेळ सुईत नवा दोरा ओवत राहिली, तो काही जाईना.

"माती कोणी लोटली?"

"बाकीच्यांनी मूठ मूठ टाकली. मग ते पाऊस म्हणून निघाले. उरलेली ह्या दोघांनी."

"दोघं शेवटपर्यंत होते?"

"चित्र बंद होईपर्यंत होते."

"मग टोपी कोणाच्या डोक्यावर बसवायची ते मला शिकवू नकोस." तिनं सुई आणि दोरा त्याच्यापुढे धरला. "ओवून दे. आणि डोक्याचं माप सांग."

लासिसीनं दोरा ओवला. मग डोळे मिटून आठवायला लागला.

"एकाचं साधारण माझ्याएवढं. दुसऱ्याचं मोठं होतं, इया."

"मोठं म्हणजे केवढं?"

त्यानं आपली टोपी काढून तिच्या हातात दिली. "ह्याहून दोन बोटं जास्त."

तिनं ती टोपी कापडावर उलटी ठेवली, दोन बोटं मोजली, आणि खडूनं रेघ मारली.