रेगिनाने गाळलेलं वाक्य

डेन्मार्कच्या ताब्यातल्या आमच्या बर्फाळ बेटावर, आमच्या वस्तीत, डॅनिश भाषा येणारी माणसं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. दुकानाचा व्यवस्थापक आणि दवाखान्यातली नर्स मुळातच डेन्मार्कची. बाकी मी, कारण मी शाळेत शिकवत होतो, आणि रेगिना.

रेगिना नऊ वर्षांची असताना तिला वर्षभरासाठी डेन्मार्कला पाठवलं होतं. त्या काळी हुशार पोरं निवडून अशी पाठवायचे, तिकडच्या घरांत ठेवायचे, भाषा शिकायला. परतली तेव्हा धक्क्यावर आईने तिला जवळ घेऊन विचारलं, भूक लागली का. आणि पोरगी नुसती बघत राहिली. तिला आपली भाषा बोलता येईना. ती परत शिकायला तिला दोन वर्षं लागली. पुढे ती दवाखान्यात दुभाषी म्हणून लागली. महिन्यातून एकदा डॉक्टर यायचा. तो बोलायचा ते ही आम्हाला सांगायची, आम्ही बोलायचो ते ही त्याला सांगायची. कुणाच्या पोटात काय आहे, कुणाला मूल का होत नाही, सगळं तिच्या तोंडून जायचं. बाहेर तिने कधी अवाक्षर काढलं नाही.

ब्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत मतदान ठरलं. युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं. दहा वर्षांपूर्वी आम्ही त्या संघात जायला नको म्हटलं होतं, पण डेन्मार्क गेला आणि त्याच्या शेपटीला बांधलेले आम्हीही गेलो. आता आमचं स्वतःचं सरकार आलं होतं आणि प्रश्न नव्याने विचारला जात होता. एक बाजू म्हणायची, परदेशी जहाजं आपला समुद्र खरवडून नेतायत, मासा वाचवायचा तर बाहेर पडा. दुसरी बाजू म्हणायची, रस्ते, शाळा, धक्के या संघाच्या पैशांतून होतायत, बाहेर पडलात तर बसाल अंधारात.

मतदानाआधीच्या दोन महिन्यांत वस्तीची हवाच फिरली. कोण कुणाकडे कॉफीला गेलं यावर लोक लक्ष ठेवू लागले. दुकानाच्या व्यवस्थापकाने कुणाला उधारीवर पेट्रोल दिलं, की तो राहायच्या बाजूचा ठरायचा. कुणाच्या घरी राजधानीहून पाहुणा उतरला, की तो बाहेर पडायच्या बाजूचा. एका बाईने माझ्या बायकोला विचारलं होतं म्हणे, मास्तर पोरांना शाळेत नक्की काय शिकवतात हल्ली.

सभा झाल्या तीन. बोलणारे दोन्ही बाजूंचे होते. काही डॅनिशमध्ये बोलायचे, तेव्हा रेगिना व्यासपीठाच्या कडेला उभी राहून आम्हाला सांगायची. पहिल्या सभेपासूनच कुजबुज सुरू झाली. पाहुणा एवढा वेळ बोलतो आणि ही चार वाक्यांत कसं संपवते? तो हसला तेव्हा काय म्हणाला? हिने ते सांगितलंच नाही. राहायच्या बाजूचे म्हणत, ही आमच्या माणसाचं बोलणं मुद्दाम बेचव करते. बाहेर पडायच्या बाजूचे म्हणत, डेन्मार्कचं मीठ खाऊन आलेली ती, ती कुणाची होणार?

एनोक हे उघड बोलायचा. साठी ओलांडलेला, बर्फाला भोक पाडून हॅलिबट मासा धरण्यात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. शब्दाने कडक. तिसऱ्या सभेला तो आपला कॅसेट रेकॉर्डर घेऊन आला आणि सगळ्यांदेखत व्यासपीठावरच्या टेबलावर ठेवून त्याने बटण दाबलं. रेगिनाकडे बघून म्हणाला, "तुझ्यावर शंका नाही गं पोरी. मला आपलं घरी जाऊन परत ऐकायचंय." सगळ्यांना कळलं, शंका आहे. रेगिनाने मान हलवली, बस.

त्या दिवशीचा पाहुणा कोपनहेगनहून आला होता, संघात राहा म्हणून सांगायला. मी मागे कॉफीच्या किटल्या सांभाळत होतो, त्यामुळे मला अर्धंच ऐकू आलं. सभा ठीक झाली. एकाने विचारलं, संघ एवढा आपला कैवारी आहे तर मासा खायला आपल्याआधी कसा येतो? सभागृह हसलं. पाहुणाही हसला, शेजारी बसलेल्या दुकानाच्या व्यवस्थापकाकडे वळून काहीतरी पुटपुटला, मग त्याने लांबलचक उत्तर दिलं. रेगिनाने ते सांगितलं. वाळवलेले मासे आणि केक खाऊन लोक घरी गेले.

दोन दिवसांनी दुपारी एनोकने मला बोलावून घेतलं. टेबलावर रेकॉर्डर, बाजूला सीलच्या मांसाचं सूप निवत ठेवलेलं. म्हणाला, मास्तर, डॅनिश येणाऱ्यांत आता तुम्हीच एक आपले, ऐका आणि सांगा. मी ऐकत गेलो. सांगत गेलो, बरोबर आहे, हेही बरोबर आहे, इथे तिने जरा छोटं केलंय पण अर्थ तोच. एनोकचा चेहरा काही बदलला नाही. मग ते हसू आलं टेपवर, आणि हशाच्या खाली पाहुण्याचा आवाज, अगदी जवळून. टेबलावर यंत्र आहे हे तो विसरला असावा.

मी सुपाची वाटी जवळ ओढली.

एनोकने टेप थांबवली. "मास्तर, तुम्हीपण गाळणार का आता?"

मला सांगावं लागलं. पाहुणा म्हणाला होता, या लोकांना पैसा कुठून येतो तेच ठाऊक नाही, आणि यांना मत द्यायला सांगतोय आपण. रेगिनाने हे वाक्य सांगितलं नव्हतं.

आजही मी कधीकधी विचार करतो, मी "ऐकू येत नाही" म्हटलं असतं तर. पण एनोक माझ्या तोंडाकडे बघत होता.

संध्याकाळपर्यंत ते वाक्य घरोघरी पोचलं. जे काठावर होते ते एका रात्रीत बाहेर पडायच्या बाजूला गेले. पण राहायच्या बाजूच्यांनी त्यातही वेगळाच वास काढला. म्हणाले, दुभाषी आणि एनोक, दोघांनी मिळून रचलंय हे. तिने मुद्दाम गाळलं, त्याने मुद्दाम पकडलं, मतदानाला दहा दिवस उरले असताना बरं सापडलं. म्हणजे रेगिना एकाच वेळी डेन्मार्कची हस्तक होती आणि डेन्मार्कची वैरीण. तिचा नवरा पाविया मासळीच्या कारखान्यात कामाला होता. तिथे त्याच्या शेजारी डबा खायला कुणी बसेना. त्यानेही एकदा घरी तिला विचारलं, खरं सांग, तुला कुणी काही सांगितलं होतं का? हे तिने मला नंतर सांगितलं.

ते वाक्य पसरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी एनोक रेगिनाच्या घरी गेला. मला बरोबर नेलं, साक्षीला. तिने कॉफी ओतली. त्याने सरळ विचारलं, का गाळलंस.

ती म्हणाली, तो सभेशी बोलत नव्हता, शेजाऱ्याशी बोलत होता. मग म्हणाली, "आणि एनोककाका, ते वाक्य मला माझ्या तोंडून काढवेना. तुम्हाला तोंडावर मूर्ख म्हणायचं, तेही मी?"

एनोकने कप खाली ठेवला. मला वाटलं विषय मिटला. तो हळूच म्हणाला, "मग आणखी काय काय काढवलं नाही तुला? माझी याकोबिना आजारी होती तेव्हा?"

याकोबिना म्हणजे त्याची बायको; तिचं आजारपण मला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी वसंतात डॉक्टर तिला तपासून गेला, आणि एनोक निर्धास्त होऊन कुत्र्यांची गाडी जुंपून सीलच्या शिकारीला गेला. तीन आठवड्यांनी आला तेव्हा तिला शवपेटीत घालून चर्चमध्ये नेऊन ठेवलं होतं.

रेगिनाने कॉफीची किटली खाली ठेवली. बाहेर पावियाची कुत्री खाण्यासाठी ओरडत होती. मग ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाला होता, कोपनहेगनला पाठवून आता उपयोग नाही. मी तुम्हाला म्हटलं, कोपनहेगनला जायची गरज नाही."

"मी ते चांगलं समजलो," एनोक म्हणाला.

"हो. मला दिसत होतं तुम्ही ते चांगलं समजताय. तुम्ही हसलात. मग मला पुढे बोलता आलं नाही."

एनोक उठला, टोपी घातली, आणि मला तिथेच सोडून निघून गेला. रेगिना म्हणाली, हे तिला चार वर्षं रोज सांगायचं होतं. मी तिच्यावर विश्वास ठेवला का? तेव्हा नाही. मनात आलं, जिने हे एवढं दाबलं, तिने माझ्या आईच्या आजारात, मी शाळेत असताना, काय दाबलं असेल. त्या दुपारचं बोलणंही वस्तीभर झालं, आणि प्रत्येक जण मागचे सगळे आजार आठवू लागला.

मतदानाच्या दिवशी लख्ख ऊन होतं आणि थंडी नाकाला चावत होती. शाळेतच मतदान झालं. आमच्या वस्तीत एकसष्ट मतं बाहेर पडायची, अडतीस राहायची. देशातही थोड्या फरकाने बाहेर पडायचाच कौल आला. निम्मे लोक नाचले, निम्मे दारं लावून बसले. तीन वर्षांनी आम्ही खरोखरच बाहेर पडलो, पण परदेशी जहाजं दिसायची थांबली नाहीत, फक्त आता ती परवाना घेऊन येत. यावरही लोकांना शंका होतीच.

रेगिनाने पुन्हा सभेत कधी दुभाषी म्हणून काम केलं नाही. दवाखान्यात मात्र ती राहिली, कारण दुसरं कुणी नव्हतं. पण आता तिचं वाक्य सांगून झालं की समोरचा विचारायचा, "एवढंच म्हणाला?" ती म्हणायची, "एवढंच." काही जण तरीही डॉक्टरच्या तोंडाकडे बघत बसायचे. तिने सांगायची पद्धतही बदलली. डॉक्टर जसं बोलेल तसं, कडू तर कडू, मधला खोकलासुद्धा सोडायची नाही. एका बाळंतिणीला तिने जे सांगितलं त्यावरून गावात पुन्हा बोललं गेलं, की ही फार निष्ठुर झाली.

शहाऐंशीत एनोकच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टर आला त्या दिवशी तो मला घ्यायला शाळेत आला. म्हणाला, मास्तर, चला, तुम्ही नुसते ऐका. दवाखान्यात त्याने मला तिच्या शेजारी बसवलं. डॉक्टर बोलला. रेगिनाने सांगितलं: हृदय मोठं झालंय, बर्फावर एकट्याने जाऊ नका, दोन वर्षं मिळाली तर खूप. एनोकने तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बरोबर आहे, शब्दाला शब्द.

त्याने मान हलवली आणि सदरा घातला.

त्यानंतर तो दीड वर्ष जगला, आणि दर वेळी मला बरोबर नेत राहिला. रेगिनाने त्याचं वाईट वाटल्याचं कधी दाखवलं नाही. एनोकची पाळी असली, की आम्ही पोचायच्या आधी ती माझ्यासाठी दुसरी खुर्ची मांडून ठेवायची.