ग्लेनिसची कोंबडी आणि माझ्या फ्रीजरमधली

ग्लेनिस टलक दर गुरुवारी संध्याकाळी माझ्या दुकानात येते आणि फ्रीजरमधली एक गोठलेली कोंबडी घेऊन जाते. सगळ्यांत स्वस्तातली, पोल्ट्रीतली. झाली याला बावीस वर्षं. आता ही ग्लेनिस कोण, तर जिच्या सेंद्रिय कोंबड्या मेलबर्नच्या मोठ्या हॉटेलांत मेनूवर नावानिशी छापून येतात, ती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण मी कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. एवढ्याशा गावात दुकानदारणीची जीभ सैल असून चालत नाही.

एकदा तिलाच विचारलं होतं. "अगं बाई, घरी कोंबड्यांचा बाजार असताना माझा हा दगड कशाला नेतेस?"

"माझ्या सगळ्या आधीच विकलेल्या असतात, ब्रॉन," ती म्हणाली. "शिवाय गुरुवारी साठ कापून, पिसं काढून झाल्यावर आपली एकसुद्धा बघवत नाही. ही निदान ओळखीची नसते."

तिच्या कामाचं मी काय सांगू! हाडाची काडं केली नवराबायकोने. बिनतळाचे पिंजरे रोज सकाळी ओढून ताज्या गवतावर न्यायचे, पावसात, गारठ्यात, सणावारी. कोल्ह्यावर नजर ठेवायची. पोल्ट्रीतली कोंबडी पाच आठवड्यांत उरकते; हिची बारा आठवडे महागडा दाणा खाते आणि त्यातल्या काही ससाणे नेतात. नवऱ्याचा, मर्व्हचा खुबा गेलाय. ग्लेनिसची बोटं सकाळी उघडतच नाहीत, गरम पाण्यात धरून एकेक सरळ करावं लागतं. मुलगी किरली दर रविवारी फोनवर तेच म्हणते, "आई, बास झालं. इथे माझ्याजवळ दोन खोल्या बघून ठेवल्यात." मर्व्ह यावर हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. खिडकीतून बाहेर बघतो.

यंदाही वसंतातल्या पिल्लांची मागणी नोंदवायची वेळ आली. सोमवार शेवटचा दिवस. आणि त्याच आठवड्यात डेस पास्कोने माझ्या दुकानात तोंड उघडलं. डेसच्या गाई आहेत, आणि प्रत्येक विषयावर मत आहे.

"सेंद्रिय म्हणे! डोंबलाची चव," तो म्हणाला. "कोंबडी ती कोंबडी. डोळे मिटून खायला दिली तर ग्लेनिसलासुद्धा कळायची नाही."

ग्लेनिस मागेच उभी होती. "मग मिटते डोळे," ती म्हणाली.

झालं! महिला मंडळाला तेवढंच हवं होतं. शनिवारी दुपारी हॉलमध्ये जेवण, जमतील ते पैसे आगीच्या बंबाच्या टायरांना. दोन कोंबड्यांची चव बघायची आणि जास्त आवडलेलीचा रंग चिठ्ठीवर लिहायचा. ग्लेनिस आणि मर्व्हने मात्र आपली कुठली ते ओळखून तिचा रंग लिहायचा. भाजायचं काम अर्थात माझ्या गळ्यात.

जाता जाता ग्लेनिस गल्ल्यापाशी थांबली. "ब्रॉन, माझी मला ओळखता आली तर सोमवारी पिल्लं मागवते. नाही आली तर संपलं."

"चेष्टेतल्या गोष्टीवर असला निर्णय घेतेस होय गं?"

"मग कुणाला विचारू? कंबर तर रोजच नको म्हणते. हॉटेलातले लोक वाहवा करतात, पण मेनू वाचून करतात. मर्व्ह बोलत नाही. जीभ तरी खरं सांगेल."

मी आधी तिची एक कोंबडी घरी भाजून बघितली. माझ्या नेहमीच्या हिशेबाने भाजली तर ठार कोरडी झाली. मग आच कमी केली, वेळ वाढवला, तेव्हा कुठे जमलं. शनिवारी फक्त मीठ लावलं. ग्लेनिसच्या कोंबडीच्या तुकड्यांत निळ्या काड्या, माझ्या फ्रीजरमधलीत लाल. कुठला रंग कुणाचा हे एकटी मी जाणत होते. खरं सांगू? मीही दोन्ही खाल्ल्या. निळी चावावी लागायची, पण चावली की मागून चव यायची आणि बराच वेळ राहायची. लाल मऊ, घातली की गेली. यातली चांगली कुठली ते आपापल्या दातांना विचारावं.

ग्लेनिसने डोळे मिटले. मी निळी दिली. ती सावकाश चघळत राहिली, कपाळाला आठी. मग लाल दिली. तिचा चेहरा एकदम निवळला, हसू आलं. तिने चिठ्ठी लिहून डब्यात टाकली.

निळी चौतीस, लाल एकतीस. टाळ्या वाजल्या. "तीन मतांनी हरलो!" डेस ओरडला. "त्यातली दोन टलकांच्या घरचीच!" लोक येऊन ग्लेनिसला मिठ्या मारत होते. ती मान हलवत होती आणि दाराकडे बघत होती.

नंतर आम्ही दोघी भांडी घासत होतो. ग्लेनिसचे हात गरम पाण्यात.

"निळी माझी ना?"

"हो."

"मी लाल लिहिली." तिने थाळी दोनदा विसळली. "तोंडात घातली आणि आमचा रविवार आठवला. मर्व्ह टेबलाशी, किरली लहान, बटाटे, भोपळा. म्हटलं, हीच माझी. निळी खाताना वाटलं, चांगली आहे, पण कुणाची बरं? मी वाढवली, ब्रॉन, आणि मलाच ओळखू आली नाही." ती रडायला लागली. हात ओले, त्यामुळे डोळेही पुसता येईनात.

"चिठ्ठीवर नाव कुठे आहे?" मी म्हटलं. "कुणाला कळणार?"

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

मर्व्ह काठी टेकत दारात आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "मीपण लालच लिहिली," तो म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली, आणि ग्लेनिस हसायला लागली. हसता हसताच स्टुलावर बसली. "दमले रे मी, मर्व्ह."

बावीस वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"मीपण," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस मेल्या?"

"तू थांबशील म्हणून वाट बघत होतो."

"आणि मी तुझी!"

सोमवारी तिने फोन केला तो किरलीला. पिंजऱ्यांत शेवटच्या चाळीस उरल्या होत्या, त्याही मेलबर्नला कबूल केलेल्या. गुरुवारी संध्याकाळी ग्लेनिस दुकानात आली. सवयीने मी फ्रीजर उघडला.

"राहू दे," ती म्हणाली. "एक घरी ठेवलीय."

"फाटकी की मोडकी?" कारण हॉटेलने नाकारलेलीसुद्धा ती कधी घरी ठेवत नसे, चिकन पॅटिस करणाऱ्या बेकरीला देऊन टाकायची.

"अखंड. चाळिसातली सगळ्यांत चांगली. हॉटेलवाला बोंबलेना का." मग ती गेली नाही. गल्ल्याच्या कडेवर बोट फिरवत उभी राहिली. "ब्रॉन, एक विचारू? हसू नकोस. ती ओव्हनमध्ये किती वेळ ठेवायची गं?"

मी हसले नाही. कागद घेतला आणि लिहून दिलं: मंद आच, झाकून, दोन तास.