तीनपाशी चढ किती?

गणित मला आवडतं, हे मी फारसं कुणाला सांगत नव्हते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यात विषय गणित. उगाच मोठेपणा वाटेल. पण पहिल्याच चाचणीत नापास झाले. मॅडम म्हणाल्या, "दिवाळीनंतर फळ्यावर एक गणित सोडवून दाखव. नाही जमलं, तर विषय बदलायचा अर्ज दे."

माझी चूक एकच होती, पण चिवट. x² या वक्राला x = 3 पाशी स्पर्शिका काढायची. विकलज, म्हणजे वक्राचा चढ सांगणारं सूत्र, 2x; इथवर बरोबर. मग रेषेच्या समीकरणात चढ म्हणून मी तो 2x तसाच ठेवायची. मॅडमनी एकदा ती 'रेषा' मला आलेखावर काढायला लावली. ती वाकडी आली.

"अगं, तुझी स्पर्शिका तर घाट चढायला लागली!" मागून मैत्रीण म्हणाली. मीही हसले, पण कळलं काहीच नाही.

दिवाळीत ठाकुरवाडीला घरी आले, तर भातकापणी तोंडावर. आईने मला विळ्यांना धार लावायला बसवलं. मी दगड एकाच दिशेने घासत मुठीपासून टोकापर्यंत गेले. आईने टोकावर अंगठा फिरवला.

"हिकडं धारच नाय. हात वळव ना गं."

"किती वळवू?"

"मला काय इचारतेस? पातं जिथं जसं वळलंय, तिथं तसा. कॉलेजात काय शिकवतात तुला?"

मी थांबले. पातं सगळीकडे वळतं, पण एका जागी हाताची दिशा एकच. 2x मध्ये सगळ्या जागांचे चढ आहेत. तीनपाशी मला हवा फक्त सहा! मी बोटाने मातीत लिहिलं: y = 6x − 9.

"आई, चढ सहा आहे!"

"बरं. इळे किती झाले?"

"दोन."

"म्हंजे अजून पाच हायत."

सुट्टीनंतर फळ्यापाशी मॅडमनी मुद्दाम x = −1 दिलं. खडू दोनदा मोडला. चढ −2. रेषा y = −2x − 1. पट्टी लावून काढली, तर वक्राला त्या एका बिंदूत टेकून सरळ निघून गेली.

मॅडमनी पट्टी पुन्हा लावून पाहिली.

"अर्ज आणलायस?"

"हो मॅडम. बॅगेत आहे."

"मागची बाजू कोरी असेल ना? काढ. आता x³ घे."